मागाच्या शेडमधलं घर : फर्निचरच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले. गवंडी, पत्रेवाले, वायरमन यांची कामं दसऱ्यापर्यंत उरकली होती. उरलं फर्निचर. बांधकामाच्या हिशेबाची वही होतीच, तिच्याच मागच्या पानांवर या नोंदी सुरू करतेय.

जागा एकदा लिहून ठेवते. इचलकरंजीतली अण्णांची मागाची शेड, ६० फूट बाय २८. भिंतीकडेला उंची ११ फूट, मध्ये कैचीच्या, म्हणजे छताचा पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीच्या, टोकाला १६. उत्तरेकडे उंचावर काचांची रांग, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा, ऊन मात्र आत येत नाही. कापडातला दोष लगेच दिसावा म्हणून केलेली सोय. खाली शहाबादी फरशी, १६ मागांच्या तेलानं काळी पडलेली. घासून घासून राखाडीपर्यंत आलीय, पुढे हलत नाही. मागच्या अंगाला भिंती घालून दोन खोल्या आणि न्हाणीघर काढलंय. उरलेला ४० बाय २८ चा भाग सगळा मोकळा. स्वयंपाक, जेवण, बसणं-उठणं तिथेच.

मोकळा म्हणजे किती, तर काल आईच्या हातून चमचा पडला आणि देवळातली घंटा वाजल्यासारखं झालं.

९ नोव्हेंबर

आर्किटेक्ट मैत्रीण याला ‘लॉफ्ट स्टाइल’ म्हणते. आईला ते पटलेलं नाही. आमच्याकडे लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा माळा, जिथे मोठे डबे आणि गणपतीची मखर ठेवतात. ‘माळ्यावर राहायला जायचं का आता?’ असं तिनं विचारलं.

मैत्रिणीचं म्हणणं चूक नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले कारखाने ओस पडले तेव्हा १९५० आणि ६०च्या दशकांत चित्रकार, शिल्पकार त्या रिकाम्या मजल्यांवर चोरून राहायला लागले. भाडं कमी, उजेड भरपूर. शहरानं त्याला कायदेशीर मान्यता दिली १९७१ मध्ये, तीही कलाकारांपुरतीच. डोनाल्ड जड या शिल्पकारानं १९६८ मध्ये तिथली स्प्रिंग स्ट्रीटवरची बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) दर्शनी भागाची पाच मजली इमारतच विकत घेतली. त्याच्या घराचे फोटो मी कॉलेजात असल्यापासून बघतेय. एवढा मोठा मजला आणि त्यात चार वस्तू. मुंबईत मात्र १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या त्या बऱ्याचशा पाडूनच टाकल्या, आणि त्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता विटांचा वॉलपेपर लावून ‘लॉफ्ट’ करतात.

आमच्या विटा खऱ्या आहेत. एवढंच भांडवल.

अण्णांचं मत वेगळं. ‘माग होते तेव्हा हा कारखाना होता. माग गेले, गोडाऊन झालं. तू त्यात पलंग टाकलास म्हणून घर होत नाही, बाळ.’ हे त्यांनी मागांच्या खडखडाटात बोलल्यासारखं मोठ्यानं सांगितलं. चाळीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर माणूस हळू बोलायचं विसरतो.

१६ नोव्हेंबर

कोल्हापूरला दोन शोरूम. दुसऱ्यातला राखाडी सोफा मनात भरला. बारीक लोखंडी पाय, सरळ रेषा, फोटोतल्या घरांसारखाच. किमतीनं डोळे पांढरे झाले, पण म्हटलं टिकणार असेल तर घेऊ. मग मी सरळ फरशीवर बसून खालून पाहिलं. काळं जाळीदार कापड, ते स्टेपलरनं मारलेलं. एक कोपरा सुटला होता, त्यातून भुशाच्या पाटीचा कच्चा काठ दिसत होता. पाय त्या पाटीत चार स्क्रूंनी बसवलेले. दुकानातला मुलगा हसत म्हणाला, ‘मॅडम, खालून कोण बघतंय?’

मी बघते. २०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या गावभागात मावशीच्या घरात पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर साफसफाईला गेलो तेव्हा गल्लीच्या दोन्ही बाजूंना फर्निचरचे ढीग होते. टीव्हीची युनिटं पावासारखी फुगलेली. हात लावला की तुकडा हातात यायचा. मावशीचं लोखंडी कपाट मात्र धुऊन-पुसून रंगवलं आणि आजही वापरात आहे. आजोबांचा सागवानी पाट उन्हात वाळवला, थोडा वाकलाय, पण आहे. पुरात टिकेल असंच फर्निचर घ्यायचं असं मी म्हणत नाही. पण आमचं गावही पंचगंगेकाठचं आहे आणि पावसाळा तर दरवर्षी येतो.

वहीत तीन ओळी लिहिल्या. वस्तू उलटी करून बघायची. ती खोलता येते का बघायचं. आणि मोडली तर गावातला माणूस दुरुस्त करू शकेल का हे विचारायचं.

१७ नोव्हेंबर

आज पैसा न खर्चता सगळ्यात उपयोगी काम झालं. खडू घेऊन फरशीवर फर्निचर काढलं.

कालचा सोफा ७ फुटांचा. शोरूममध्ये ९ फुटांच्या छताखाली तो भारदस्त वाटत होता. इथे खडूनं काढून लांब उभं राहिलं तर काडेपेटी. सहा जणांचं साडेचार फुटी जेवणाचं टेबल म्हणजे कॅरम बोर्ड. माणसाला ताट-वाटी घेऊन नीट बसायला २ फूट रुंदी लागते, म्हणजे एका बाजूला चौघांना ८ फूट. ८ बाय ३ चा आयत काढला तेव्हा कुठे जागेनं त्याला ओळख दिली. खुर्ची मागे सरकवून मागून कुणी जायचं तर ३ फूट सोडावे लागतात, तेही आखले.

मोठ्या जागेत पुष्कळ वस्तू आणायचा मोह होतो. पण खडूनं आखल्यावर कळलं की लहान लहान दहा वस्तू ठेवल्या की खरंच गोडाऊन होतं. मोठ्या चार ठेवल्या की घर. अण्णा खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, ‘हा आयत आठ नंबरच्या जागी आलाय.’ फरशीतली बोल्टची भोकं दाखवली. आठ नंबरचा माग तिथे होता.

३० नोव्हेंबर

ठरलं. तयार विकत काही घ्यायचं नाही, निदान मोठ्या चार वस्तू तरी. मिस्त्री मिळालेत, अण्णांच्या ओळखीतले, साठीच्या पुढचे. मागाच्या लाकडी भागांची दुरुस्ती करायचे. मी त्यांना फोनवर फोटो दाखवत गेले. ते एकेक फोटो बोटानं मोठा करायचे आणि फक्त सांधे बघायचे. वीस-पंचवीस फोटोंनंतर म्हणाले, ‘ताई, ह्यातल्या निम्म्याला सांधाच न्हाई. नुसतं फेविकॉल न् खिळं.’

डिझाइनबद्दल त्यांचं काहीही म्हणणं नाही. हे मला फार आवडलं.

८ डिसेंबर

लाकूड. दिवसभर वखारी.

नवा साग बघितला. परदेशी साग स्वस्त, रेषा सुंदर, पण पांढरा कच्चा भाग खूप. मिस्त्री नखानं खरवडून दाखवत होते. वाळवी आधी त्या पांढऱ्याला लागते. गाभ्यातल्या तेलामुळे गाभा वाचतो. बल्लारशाचा साग मागितला तर भाव ऐकून आम्ही चहा प्यायला गेलो.

शेवटी जुनं लाकूड. वाडे पाडतात त्याचे खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या या वखारीत येऊन पडतात. ६ इंच बाय ६ इंच, ९ फूट लांब अशा दोन तुळया निवडल्या. हिशेब असा : अर्धा फूट गुणिले अर्धा फूट गुणिले ९, म्हणजे सव्वादोन घनफूट एकीचे, दोन्हींचे साडेचार. भाव २८०० रुपये घनफूट, १२,६०० रुपये. टेबलाच्या सव्वा इंची फळीला अडीच घनफूट पुरतात, पण कापण्यात आणि रंध्यात बरंच जातं.

वरून तुळई काळी, चुन्यानं माखलेली, एका टोकाला धूर खाल्लेली. स्वयंपाकघरावरची असणार. मिस्त्रींनी पटाशीनं एक कोपरा उडवला. आत मधाचा रंग आणि तो चामड्यासारखा वास. शंभर वर्षं वाळलेल्या लाकडाला आतून एवढा वास कसा राहतो कोण जाणे.

१४ डिसेंबर

सॉ मिलवाल्यानं तुळया परत पाठवल्या. खिळा लागून पातं तुटलं तर भरून कोण देणार? रास्त आहे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवायचं, चिकटलं तिथे खडूची खूण. अण्णांना हे काम फार पसंत पडलं. दोन दिवसांत ४१ खिळे निघाले. काही चौकोनी, हातानं घडवलेले. ते त्यांनी धुऊन डबीत ठेवलेत.

२२ डिसेंबर

फळ्या चिरून आल्या. मिस्त्रींच्या मुलाकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे. दोन सुया लाकडात टोचायच्या. १५ टक्के दाखवलं. जुनं लाकूड आतून कोरडंठाक असेल असं मला वाटत होतं, पण वखारीत ते उघड्यावर पडलेलं होतं. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा शेडमध्येच रचून ठेवल्यात. फेब्रुवारीपर्यंत हात लावायचा नाही.

नवऱ्याचं म्हणणं, तोपर्यंत जमिनीवर जेवू. जेवतोच आहोत.

११ जानेवारी २०२५

टेबलाचे पाय. माग भंगारात गेले तेव्हा अण्णांनी बिडाच्या दोन बाजू ठेवून घेतल्या होत्या. का ठेवल्या ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. एकेक उचलायला दोन माणसं लागतात. गोलाई, भोकं, आऱ्या, सगळं कामापुरतं आणि तरी देखणं. यावर ८ फुटी साग ठेवायचा.

अडचण उंचीची. बाजू ३६ इंच, टेबल हवं ३० चं. फळीची सव्वा इंच जाडी धरून आठ इंच खालून कापायच्या आणि पाऊण इंच जाडीचं बैठं पाऊल लावायचं. कापणं झालं. पाऊल जोडायला फॅब्रिकेटरकडे नेलं. मी म्हटलं, बीड आहे, वेल्डिंग धरेल ना? ‘धरतंय की.’ साध्या रॉडनं ओढलं, धरलंही. आम्ही चहा मागवला. चहा येईपर्यंत बीड थंड झालं आणि ‘टिंग’ असा आवाज आला. वेल्डच्या शेजारून केसाएवढी चीर, दोन इंच लांब.

बीड ठिसूळ. एका ठिकाणी एकदम तापतं, थंड होताना आखडतं, त्याला ताणता येत नाही म्हणून तडकतं. त्याला निकेलचा रॉड लागतो, आधी सगळं तापवून घ्यावं लागतं, मग राखेत सावकाश थंड करावं लागतं. हे मला त्या दुकानात नाही, घरी आल्यावर अण्णांनी सांगितलं. आधी विचारलं असतं तर!

१३ जानेवारी

अण्णांचा उपाय : वेल्ड नाहीच. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. पाऊल बोल्टनं आवळायचं. मागाला सगळं बोल्टनंच असायचं, कारण रात्रपाळीत काही मोडलं तर पाना घेऊन खोलायचं आणि सकाळी माग चालू.

बाजू बसवताना त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘ही सातची. ती बाराची. सात डावा माग होता, बारा उजवा.’ एका विणकराला दोन्हीकडे बघता यावं म्हणून माग डावे-उजवे समोरासमोर लावायचे. म्हणजे आमच्या टेबलाचे पाय जोडीचे नाहीत. मी म्हटलं, चालेल. ते म्हणाले, ‘तुला चालेल गं.’

९ फेब्रुवारी

ओलावा ११ टक्के. मिस्त्री कामाला लागले. शेडमध्येच रंधा चालू. आवाजानं अण्णा खुशीत.

फळ्या जोडताना मिस्त्रींनी एक फळी सुलटी, एक उलटी असं लावलं नाही, रेषा बघून लावल्या. विचारलं तर म्हणाले, पुस्तकात उलटसुलट लिहिलेलं असतं, पण इथे वरून दिसायला घाण दिसेल, आणि जुनं लाकूड वाकायचं तेवढं वाकून झालंय. बरं.

फळी लोखंडाला घट्ट आवळायची नाही हे मात्र मिस्त्री आणि अण्णा दोघांचं एकमत. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. ३ फुटांची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार-पाच मिलिमीटर सहज फुगते. घट्ट आवळली तर कुठेतरी फाटणारच. म्हणून लोखंडी पट्टीत मधलं भोक गोल, कडेची भोकं लांबट. बोल्टला सरकायला जागा.

२३ फेब्रुवारी

तेल. पॉलिशवाल्यानं पीयूचा (पॉलियुरेथेनचा) चकचकीत नमुना आणला होता, काचेसारखा. दिसतो छान, पण त्यावर ओरखडा पडला की पूर्ण थर घासून नव्यानं मारायचा. जुनं लाखेचं पॉलिश सगळ्यात देखणं. मिरजेच्या तंतुवाद्यांवर बघितलंय. पण त्यावर गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग. तंबोऱ्यावर कुणी आमटी ठेवत नाही. आमच्याकडे ठेवणार.

म्हणून बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल. फडक्यानं चोळायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे पाच हात. डाग पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल. एक गोष्ट जपायची. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. वाळताना ते स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. आमची फडकी दोरीवर पसरून वाळतायत, आईच्या लुगड्यांशेजारी. त्यावरून बोलणी खाल्ली.

२ मार्च

टेबल उभं राहिलं. ८ बाय ३. पहिलं जेवण पिठलं-भाकरी.

अण्णा जेवताना टेबलाखाली पाय हलवत होते. नंतर कळलं, साताच्या बाजूवरच्या एका बोल्टाला पायाचा अंगठा लावून बघत होते.

८ मार्च

खुर्च्या. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि लिहिण्यासारखंही इथेच जास्त आहे.

पहिली आवड, इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. तिची आद्य आवृत्ती मायकेल थोनेटची, १८५९ची, चौदा नंबरची. वाफेवर लाकूड वाकवून केलेले सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, संपलं. एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या सुट्या करून भरायचे आणि जगभर पाठवायचे. दीडशे वर्षांपूर्वीची ती खुर्ची आजच्या शोरूममधल्या निम्म्या खुर्च्यांपेक्षा आधुनिक दिसते. पण तिला हात नाहीत, आणि अण्णांचे गुडघे हातांशिवाय उठत नाहीत.

दुसरी, चंदीगडची. ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जाँनरे १९५० नंतर तिथे राहून शहराच्या कचेऱ्यांसाठी फर्निचर करवून घेत होता. साग आणि वेत, उलट्या व्ही आकाराचे पाय, बनवणारे तिथले सुतार. साग वाळवीला दाद देत नाही, वेतातून हवा खेळते, हिशेब एवढा साधा. पुढे कचेऱ्यांनी त्या खुर्च्या मोडक्या म्हणून गच्चीवर रचल्या, भंगारात काढल्या. मग परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांत भाव आले आणि इथे सगळे जागे झाले. आता ‘चंदीगड खुर्ची’ नावानं जो तो नक्कल विकतो. निम्म्यांचे पाय इतके बारीक की व्ही आकार नुसता दिसायला.

मिस्त्रींना फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, ‘हे सुताराचं काम हाय.’ याच्याहून मोठी दाद त्यांच्याकडे नाही.

नक्कल करायची नाही असं ठरवलं. बांधा तोच, मापं आमची. बैठक १८ इंच उंच, म्हणजे अण्णांना उठता येईल. ३० च्या टेबलाला ते बरोबर बसतं, मध्ये १२ इंच उरतात. हात २६ इंचांवर. इथे थोडक्यात वाचलो. नेहमीच्या टेबलाला फळीखाली तीन-साडेतीन इंचांची आडवी पट्टी असते, तिच्यावर खुर्चीचा हात आपटतो आणि खुर्ची आत जात नाही. पुठ्ठ्याची खुर्ची कापून सरकवून पाहिली. आमच्या टेबलाला लांबीच्या बाजूनं पट्टीच नाही, बिडाच्या बाजूंमुळे ती लागली नाही. आत गेली.

सांधे सगळे खाच आणि कुसू, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. स्क्रू एकही नाही.

५ एप्रिल

वेत विणणारा माणूस शोधायला महिना गेला. लहानपणी आठवतं, पोस्टातल्या, कचेरीतल्या वेताच्या खुर्च्या विणायला अंध कारागीर येत. बोटांनी ताण मोजत. आता तयार विणलेली जाळी रोलमध्ये मिळते, खाचेत दाबायची, वरून पट्टी ठोकायची. सोपं. पण ती बसली की बसली. सैल झाली तर सगळी काढायची. हातानं भोकांतून विणलेल्या बैठकीचा एक धागा तुटला तर तेवढाच बदलता येतो.

अखेर सांगलीहून एक आजोबा आले. ओल्या वेताच्या पट्ट्या, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या दोन्ही बाजूंनी. एका बैठकीला दीड दिवस. अण्णा शेजारी स्टूल टाकून बसले. दोन तास दोघंही बोलले नाहीत. मग अण्णा म्हणाले, ‘ताणा-बाणाच आहे की.’ आजोबा म्हणाले, ‘मग काय.’

६ खुर्च्या होईपर्यंत आजोबा आमच्याकडेच राहिले.

१९ एप्रिल

सोफा आटोपशीर. सागाच्या उरलेल्या लाकडाची चौकट, ९ फूट, वर सुट्या गाद्या. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम, पाठीला ३२. त्याहून कमी डेन्सिटीचा फोम हाताला मऊ लागतो आणि दोन वर्षांत खड्डा पडतो. खोळींना चेन, म्हणजे काढून धुता येतील. उघड्या स्वयंपाकघरात हे हवंच. मासिकातल्या लॉफ्टमध्ये कुणी लसणाची फोडणी देत नाही.

कापड गावातलंच, जाड कॅनव्हास. शिवण्याआधी दोनदा धुवून घेतलं. मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर आटलं. आधी शिवलं असतं तर पहिल्या धुण्यानंतर गाद्या आत गेल्याच नसत्या. पाठीवर सोलापुरी चादर.

आणि घंटानाद निम्म्यावर आला. गाद्या, चादर, दोन सतरंज्या, एवढ्यानं.

२६ एप्रिल

स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये ७ फूट उंच दुतर्फा कपाट. इकडून भांडी, तिकडून पुस्तकं. हे प्लायचंच, सागाचं परवडत नाही. १९ मिलिमीटर, शिक्का आयएस ७१०, म्हणजे पाणी सोसणारा. शिक्का प्रत्येक शीटवर बघून घेतला, बिलावर नाही. पुस्तकांच्या फळ्या अडीच फुटांच्या पुढे नेल्या नाहीत; १९ चा प्लाय त्यापुढे पुस्तकांच्या वजनानं पोट काढतो. कापलेला प्रत्येक काठ बंद, पाठीमागचेसुद्धा. खालचे चार खण मात्र सागाचे, जुन्या पद्धतीचे, चॅनेलशिवाय (खण सरकायच्या धातूच्या पट्ट्यांशिवाय), लाकडावर लाकूड. हा मिस्त्रींचा हट्ट. मला चॅनेल हवे होते.

३ मे

झोपाळा. आजीच्या पितळी कड्या आहेत, पाटही आहे, आणि १६ फुटांची उंची. माझ्या डोक्यात हे चित्र पहिल्या दिवसापासून. इंजिनिअरनं एका वाक्यात निकाली काढलं. कैची पत्र्याचं वजन आणि वारा पेलायला केलेली आहे, तिच्या मधल्या पट्टीला हलतं वजन टांगायचं नाही. सांध्याखाली टांगू? तेही इथे नको. शेवटी झोपाळ्याला स्वतःची लोखंडी चौकट, पाय फरशीतल्या मागाच्या जुन्या बोल्टांच्या भोकांत. तीन नंबर आणि चार नंबर.

उंची ८ फूट. चित्रातलं १६ फुटी झोके घेणं राहिलं. आईला काही फरक पडलेला नाही, दुपारी तिथेच असते.

२७ मे

पाऊस! मे संपायच्या आत. आठवडाभर झोडपतोय. उत्तरेच्या काचेतून एका ठिकाणी गळतं, खाली बादली. बादलीत थेंब पडताना घंटानाद पुन्हा.

दिवे अजून राहिलेत. सध्या टेबलावर एक लोंबता दिवा, फळीपासून ३० इंच वर. वरचा सगळा भाग रात्री अंधारात. मैत्रीण म्हणते, राहू दे.

१३ जुलै

मोजमाप. मार्चमध्ये टेबलाच्या मधल्या रेषेत रुंदी पेन्सिलनं लिहून ठेवली होती, ९१४ मिलिमीटर. आज ९१८. ओलावा १५. खाली झोपून टॉर्चनं पाहिलं. कडेचे बोल्ट लांबट भोकांत बाहेरच्या अंगाला सरकलेत, जुन्या जागेवर तेलाची फिकट चकती दिसते. चीर कुठेही नाही. बिडातली चीरही भोकापाशी थांबलेलीच.

वेत सैल नाही. प्लायचे काठ बरे. सागाचे चारही खण मात्र फुगून बसलेत. दोन अर्धे उघडतात, दोन अजिबात नाहीत, आणि त्यातल्या एकात सांडशी आणि मेणबत्त्या आहेत. मिस्त्रींना फोन केला. ‘गुरुवारी येतो ताई.’ कुठला गुरुवार ते बोलले नाहीत.

अण्णा उठून आले. मागातल्या धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या शटलची) पेटीही पावसाळ्यात अशीच अडायची म्हणे. खण दोन्ही हातांनी उचलून, हलवत हलवत बाहेर काढला, आतली मेणबत्ती घेतली आणि खालच्या पट्ट्यांवर चोळत बसले. पुन्हा बसवला.

पाऊण उघडतो. सांडशी निघते.

‘बाकीचा दिवाळीत उघडेल,’ म्हणाले. आणि मेणबत्ती घेऊन दुसऱ्या खणाकडे वळले.